सायबर सुरक्षा माहिती विनिमय अधिनियम, अमेरिकेचा

संगणकीय जाळ्यांवरील हल्ल्यांविषयीची माहिती खासगी संस्थांनी परस्परांना व संघराज्य शासनाला निर्धास्तपणे द्यावी, यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसने २०१५ मध्ये संमत केलेला कायदा. १८ डिसेंबर २०१५ रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांच्या स्वाक्षरीने तो अंमलात आला. त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२५ पर्यंतच होती. ती संपल्यावर नूतनीकरणाचा प्रश्न उद्‌भवला.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील वीजपुरवठा, बँका, दूरध्वनी, रुग्णालये इ. सेवा बव्हंशी खासगी मालकीच्या आहेत. त्यामुळे हल्ल्याची पहिली चाहूल बहुधा खासगी कंपनीलाच लागते. एखाद्या बँकेला घातक ईमेल, तो पाठविणारा आयपी पत्ता वा त्यातील फाईलची ओळखखूण सापडली आणि तिने ती इतरांना तत्काळ कळविली, तर तोच हल्ला अन्यत्र रोखता येतो. तथापि अशी माहिती दिल्यास ग्राहक खाजगीपणाच्या भंगाबद्दल दावा लावतील, प्रतिस्पर्धी कंपन्यांतील संपर्क मक्तेदारीविरोधी कायद्यांच्या कचाट्यात सापडेल किंवा नियामक संस्था त्याच माहितीच्या आधारे कारवाई करतील, अशी भीती कंपन्यांना वाटे. या स्वरूपाचे विधेयक प्रतिनिधिगृहाने २०१२ व २०१३ मध्ये संमत केले. परंतु सीनेटमध्ये ते अडले. २०१५ मध्ये संघराज्याच्या कर्मचारी कार्यालयातून सु. २ कोटी १५ लाख व्यक्तींची माहिती चोरीस गेल्याचे उघड झाले, तेव्हा कायद्याच्या मागणीला जोर आला. सीनेटने ऑक्टोबर २०१५ मध्ये ७४ विरुद्ध २१ मतांनी विधेयक संमत केले. पुढे ते वार्षिक विनियोजन कायद्यात समाविष्ट झाले.

प्रमुख तरतुदी : माहिती देणे पूर्णतः ऐच्छिक आहे. कायद्यातील अटी पाळून माहिती देणाऱ्या अथवा स्वतःच्या जाळ्यावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेविरुद्ध त्या कृतीबद्दल दावा चालत नाही. सायबर सुरक्षेपुरत्या विनिमयास मक्तेदारीविरोधी कायद्यांतून सूट आहे. शासनाला दिलेली माहिती माहिती-स्वातंत्र्याच्या कायद्याखाली उघड करता येत नाही. धोक्याशी प्रत्यक्ष संबंध नसलेला वैयक्तिक तपशील माहिती देण्यापूर्वी काढून टाकणे मात्र बंधनकारक आहे. विनिमयाचे केंद्र अंतर्गत सुरक्षा खात्याकडे आहे. त्या खात्यात २०१८ मध्ये स्थापन झालेल्या सायबर सुरक्षा संस्थेची इंग्रजी आद्याक्षरे व या कायद्याची आद्याक्षरे एकच असल्याने दोहोंची गल्लत होते.

आक्षेप : नागरी स्वातंत्र्यवादी संघटना व सीनेटर रॉन वायडन यांच्या मते या कायद्याने शासनाच्या पाळतीला वाट मिळते. मिळालेली माहिती सायबर सुरक्षेखेरीज काही गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठीही वापरता येते, हा आक्षेपाचा मुख्य मुद्दा होय. अशा कायद्याचा काँग्रेसने ठराविक काळाने फेरविचार करावा, हा मुदतीचे कलम घालण्यामागील हेतू असतो.

मुदतसमाप्ती व नूतनीकरण : २०२५ मध्ये सीनेटर गॅरी पीटर्स व माइक राउंड्‌स या भिन्नपक्षीय सदस्यांनी दहा वर्षांच्या मुदतवाढीचे विधेयक मांडले. प्रतिनिधिगृहाच्या अंतर्गत सुरक्षा समितीनेही सप्टेंबरमध्ये स्वतंत्र विधेयकास मंजुरी दिली. सीनेटमधील संबंधित समितीचे अध्यक्ष रँड पॉल यांनी मात्र भाषणस्वातंत्र्याच्या रक्षणाच्या तरतुदींवाचून नूतनीकरणास विरोध केला. अर्थसंकल्पाच्या वादामुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून संघराज्याचा कारभार अंशतः बंद पडला, तेव्हाच हा कायदाही संपुष्टात आला. १२ नोव्हेंबर रोजी स्वाक्षरी झालेल्या तात्पुरत्या विनियोजन कायद्याने त्यास ३० जानेवारी २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली.

मुदत संपण्यापूर्वी केलेल्या विनिमयाचे संरक्षण मूळ कायद्यानेच अबाधित ठेवले होते. नव्या विनिमयास मात्र या सहा आठवड्यांत तो आधार उरला नाही. माहिती देणे कोणीही निषिद्ध केले नव्हते. पण प्रत्येक वेळी कायदेतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा लागला, तर विनिमयाचा वेग मंदावतो, आणि जी सूचना काही तासांत पोहोचली तरच उपयोगाची, ती उशिरा पोहोचून व्यर्थ ठरते. अल्पकालीन मुदतवाढीने ही अडचण पूर्णतः दूर होत नाही. कारण माहिती-विनिमयाचे करार व यंत्रणा अनेक वर्षांच्या भरवशावर उभ्या राहतात. फेरविचाराची संधी आणि संरक्षणाचे सातत्य यांचा मेळ घालणे, हा या नूतनीकरणातील मूलभूत प्रश्न होय. मुदतीचे कलम फेरविचारास भाग पाडते. परंतु तो वेळेत झाला नाही, तर त्याची झळ कायदा करणाऱ्यांपेक्षा रुग्णालये, बँका आणि त्यांवर विसंबणाऱ्या सामान्य नागरिकांना अधिक पोहोचते.