सहाव्या वर्षी गुपचूप येणारी दाढ

पहिलीच्या वर्गात दिवाळीनंतर डोकावलं, तर पुष्कळ मुलांच्या समोरच्या दातांना खिडक्या पडलेल्या दिसतात. पडलेला दात आपल्याकडे कुणी तुळशीत पुरतं, कुणी शेणाच्या गोळ्यात घालून धाब्यावर फेकतं. (धाबी जाऊन स्लॅब आले, तरी दात वरच फेकायचा!) उंदीरमामाकडे नवा दात मागितला की मूल रडायचं विसरतं. ही गंमत चालू राहू द्या. पण पडणाऱ्या दाताच्या कौतुकात, त्याच सुमारास येणारी एक दाढ आपल्या नजरेतून सुटते. आणि ती तर जन्मभराची असते.

बाळाचे खालचे समोरचे दोन दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतात. कुणाला चौथ्यात, कुणाला वर्ष भरताना. अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे २० दात पुरे होतात. वरचे दात आधी आले की मामाला जड, म्हणून काही घरांत अजून काळजी करतात. मामाचा इथे काही संबंध नाही. क्रम थोडा मागेपुढे होतोच. सासूबाईंशी वाद घालू नका, मामाकडून बाळाला एक झबलं घेववा नि विषय मिटवा.

दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, बाळ किरकिरं होतं. पण चढता ताप नि पातळ जुलाब ‘दाताचेच’ म्हणून अंगावर काढू नका. या वयात बाळ हाती लागेल ते तोंडात घालतं, पोट त्याने बिघडतं. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात तर बाळाच्या अंगातलं पाणी बघता बघता कमी होतं. अंगावरचं दूध चालू ठेवा, जलसंजीवनी द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

आता त्या दाढेकडे वळू. सहाव्या वर्षाच्या आगेमागे, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, वर-खाली दोन्ही बाजूंना मिळून ४ नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही. किडली तरी ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून आई निर्धास्त! पण ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. तिच्या माथ्यावर खोल चिरा असतात, त्यांत शेव, बिस्किटाचा लगदा जाऊन बसतो. अर्धवट उगवलेली असताना ती शेजारणीपेक्षा ठेंगणी असते, म्हणून ब्रश तिच्यावरून नुसताच सरकतो. तेव्हा मुलाचं डोकं मांडीवर घ्या, आ करायला लावा आणि उजेडात मोजा. जबड्याच्या मध्यापासून मागे मोजत सहावा दात लागला, तर तीच ही दाढ. न किडलेल्या दाढेच्या चिरा डेंटिस्ट बुजवून देतात. त्यांना आवर्जून विचारा. रात्रीचा ब्रश मात्र सात-आठ वर्षांपर्यंत तुमच्याच हातात असू द्या. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.

दुधाच्या दाढाही काही उपऱ्या नाहीत. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात, पण दाढांना दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायचं असतं. खालून येणाऱ्या दातांची जागा त्या राखून ठेवतात. किडून लवकर काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि नवे वाकडेतिकडे येतात. तान्ह्याला गोड दुधाची बाटली तोंडात देऊन निजवणं हे वरच्या समोरच्या दातांना फार वाईट. केळ्याचं शिकरण जेवणात खुशाल द्या, झोपताना नको.

खालचा नवा दात कधी जुन्याच्या मागूनच डोकावतो. जुना हलत असेल तर घाबरू नका. तो गळून पडतो आणि जीभ नव्याला हळूहळू पुढे सरकवते. जुना घट्टच असेल तर दाखवा. दोरा बांधून ओढू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, त्यात दातही पाहतात. त्या दिवशी मुलाची शाळा बुडू देऊ नका. धुळ्याला ए.सी.पी.एम. दंत महाविद्यालय आहे, तिथेही नेता येईल. कुठेही गेलात तरी कीड दिसलेल्या दाढेवर बोट ठेवून आधी विचारा, ही दुधाची की पक्की?