गॅस ड्रायर तापणे बंद होणे

गॅस ड्रायर तापणे बंद होणे हा गॅसवर चालणाऱ्या कपडे वाळवण्याच्या यंत्रातील वारंवार आढळणारा दोष आहे. यात ड्रम नेहमीप्रमाणे फिरतो, परंतु आतील हवा गरम होत नाही व कपडे ओलसर राहतात. अमेरिका व कॅनडातील घरांत ही यंत्रे वापरली जातात. भारतात कपडे दोरीवर वाळवण्याची पद्धत रूढ असल्याने येथील घरांत ती क्वचितच दिसतात.

रचना व कार्य

या यंत्रात ड्रम व पंखा विजेच्या मोटारीवर चालतात आणि उष्णता नैसर्गिक वायू अथवा एलपीजीच्या ज्वालकातून मिळते. प्रचलित रचनेत ज्वालकाजवळ प्रज्वलक, ज्योत संवेदक आणि एकापाठोपाठ एक अशा दोन वायुझडपा असतात. झडपा विजेच्या वेटोळ्यांमुळे उघडतात. दोन्ही उघडल्याखेरीज वायू ज्वालकापर्यंत पोहोचत नाही.

यंत्र सुरू होताच पहिली झडप उघडते व प्रज्वलक तापून लालभडक होतो. त्याच्या उष्णतेने संवेदकातील जोड तुटतो, प्रवाह दुसऱ्या झडपेच्या वेटोळ्यातून वाहू लागतो आणि बाहेर पडणारा वायू पेट घेतो. पुढे ज्योतीची उष्णता संवेदकाचा जोड तुटलेलाच ठेवते. ज्योत विझल्यास संवेदक थंड होऊन दुसरी झडप बंद करतो. त्यामुळे न जळलेला वायू साचत नाही.

लक्षणे व कारणे

प्रथम यंत्र उष्णतारहित पर्यायावर नाही ना, गॅसची तोटी उघडी आहे का आणि घरातील इतर गॅस उपकरणे चालतात का, हे पाहिले जाते. विजेवर तापणाऱ्या ड्रायरला २४० व्होल्टचा पुरवठा लागतो व त्याचा अर्धा भाग खंडित झाल्यास ड्रम फिरूनही उष्णता मिळत नाही. गॅस ड्रायर सामान्यतः १२० व्होल्टवर चालत असल्याने त्यास हे कारण लागू पडत नाही.

यानंतर प्रज्वलकाचे वर्तन निर्णायक ठरते :

* प्रज्वलक मुळीच न तापणे : तो तडकलेला असणे, थर्मल फ्यूज वितळणे, अथवा थर्मोस्टॅट किंवा संवेदकाचा जोड कायमचा तुटणे.
* प्रज्वलक तापून विझणे, पण ज्योत न येणे : बहुधा झडपेची वेटोळी निकामी होणे, क्वचित गॅसपुरवठा बंद असणे.
* प्रज्वलक सतत तापलेला राहणे : संवेदकाचा जोड न तुटणे.
* पहिल्यांदा ज्योत पेटणे व यंत्र तापल्यावर पुन्हा न पेटणे : गरम झाल्यावर वेटोळ्यांचे काम बंद पडणे. थंड यंत्राच्या तपासणीत हा दोष निसटू शकतो.

विद्युतपुरवठा तोडल्यानंतर मल्टिमीटरने फ्यूज, थर्मोस्टॅट व प्रज्वलक यांतील सातत्य तपासता येते. प्रज्वलक ठिसूळ असल्याने त्याच्या तापणाऱ्या भागास बोट लावणे टाळले जाते.

मूळ कारण

थर्मल फ्यूज एकदाच वितळतो व तो बदलावा लागतो. परंतु केवळ बदलल्याने प्रश्न सुटत नाही. कपड्यांतून सुटणारे तंतू जाळीत व निकास नळीत साचले की गरम हवा बाहेर पडत नाही, यंत्र प्रमाणाबाहेर तापते आणि फ्यूज वितळतो. नळी न साफ करता बसवलेला नवा फ्यूजही पुन्हा जाऊ शकतो. फ्यूजला वळसा घालून तार जोडल्यास आगीपासूनचे संरक्षणच नाहीसे होते.

सुरक्षितता

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८–२०१० या काळावरील अंदाजानुसार तेथील निवासी इमारतींत ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागत. यंत्र साफ न करणे हे त्यांचे प्रमुख कारण होते. म्हणून जाळी प्रत्येक वापरानंतर आणि निकास नळी ठरावीक काळाने स्वच्छ करणे आवश्यक असते. निकास तुंबल्यास ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड घरात पसरण्याचाही धोका असतो. हा वायू गंधहीन असल्याने त्याची सूचना देणारे उपकरण घरात बसवले जाते.

गॅसचा वास आल्यास दुरुस्ती थांबवावी, विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद न करता सर्वांनी घराबाहेर पडावे आणि बाहेरूनच गॅस कंपनीस अथवा अग्निशमन दलास दूरध्वनी करावा. झडप व गॅसची नळी यांची दुरुस्ती प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घेतली जाते.