घटक ४ : संगणकीय अभिलेखांचे दीर्घकालीन जतन आणि मराठी लिपी

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• संगणकीय अभिलेख ‘असणे’ आणि तो ‘वाचता येणे’ यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर अवाचनीय का होतो, हे सांगता येईल.
• स्वतःजवळील मराठी मजकूर जतन करण्याची पद्धती अवलंबिता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास करताना तुम्ही सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांविषयी वाचले असेल. महानुभावांनी आपले ग्रंथ या लिप्यांत लिहून ठेवले. अक्षरे ओळखीची, परंतु त्यांची मूल्ये बदललेली. त्यामुळे पोथी हाती असूनही पंथाबाहेरच्या वाचकाला तिचा अर्थ लागत नसे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि हे वाङ्मय अभ्यासकांना खुले झाले. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली प्रसिद्ध झाले.

या इतिहासातून एक सूत्र हाती येते : ग्रंथ टिकण्यासाठी त्याच्या प्रती टिकाव्या लागतात आणि त्याबरोबरच लिपीची किल्लीही टिकावी लागते. संगणकीय अभिलेखांना हे सूत्र अधिक कठोरपणे लागू पडते.

४.३ संगणकीय अभिलेखाचे चार स्तर

कागदाला काही काळ दुर्लक्ष सोसते. बस्त्यात बांधलेला कागद शंभर वर्षांनी सोडला तरी तो बहुधा वाचता येतो. संगणकीय अभिलेख मात्र चार स्तरांवर उभा असतो आणि त्यांपैकी एक जरी ढासळला तरी तो मुका होतो.

(अ) माध्यम : फ्लॉपी, सीडी, हार्ड डिस्क ही माध्यमे झिजतात, शिवाय ती चालविणारी यंत्रेही बाजारातून नाहीशी होतात. इंग्लंडमध्ये १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ या नोंदवहीच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ साली बीबीसीने लेसर डिस्कवर नवी नोंदवही सिद्ध केली. जेमतेम दीड दशकात ती वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि मजकूर सोडविण्यासाठी खास प्रयत्न करावे लागले. मूळ चर्मपत्रे मात्र आजही वाचता येतात.

(आ) फाइलीचे स्वरूप : फाइल ज्या प्रणालीत तयार झाली, ती प्रणाली बंद पडल्यास फाइल उघडत नाही.

(इ) संकेतन : कोणत्या अक्षरासाठी कोणता अंक, हा करार म्हणजे संकेतन.

(ई) संदर्भ : मजकूर कोणाचा, केव्हाचा, कोठला, ही नोंद. तिला ‘मेटाडेटा’ म्हणतात.

मराठीच्या दृष्टीने यांतील तिसरा स्तर सर्वांत नाजूक ठरला आहे.

४.४ मराठी मजकुराची विशेष समस्या

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ साली निश्चित झाले होते. तरीही अक्षरजुळणीच्या व्यवसायात प्रत्येक फॉन्टनिर्मात्याचा संकेत वेगळा राहिला. अशा फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसविलेली असत. ‘कृतिदेव’मध्ये ‘भारत’ हा शब्द टंकलिखित केल्यास फाइलीत प्रत्यक्षात मोठा एच, के, के, जे, आर ही रोमन अक्षरे साठतात. फॉन्ट असेल तर ‘भारत’ दिसते. नसेल तर निरर्थक रोमन अक्षरे. ही आधुनिक सकळ लिपीच होय. फरक इतकाच की, येथे गुप्ततेचा हेतू नव्हता.

दुसरी अडचण क्रमाची. ‘दिवस’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना ‘द’च्या आधी दिसते, उच्चारात ती नंतर येते. जुने फॉन्ट दृश्य क्रम साठवितात, तर युनिकोड उच्चारक्रम साठविते. म्हणूनच जुन्या फाइलींत शब्द शोधणे वा अकारविल्हे लावणे जवळजवळ अशक्य होते.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. माझ्या प्रबंधाचे टंकलेखन धरमपेठेतील एका संगणक केंद्रात झाले. प्रबंध सादर केल्यानंतर गोळा केलेले वऱ्हाडी बोलीतील काही शब्द मी त्याच सीडीवर जोडून घेतले. ते छापले नव्हते. पंधरा वर्षांनी सीडी उघडली, फाइलही उघडली. पण पडद्यावर रोमन अक्षरांच्या ओळी! केंद्र बंद झालेले, फॉन्टचे नाव कोठेही लिहिलेले नाही. ज्या वृद्ध स्त्रियांनी ते शब्द सांगितले होते, त्यांपैकी बहुतेक हयात नव्हत्या. अखेर छापील प्रबंधाचे पान आणि फाइलीतील तेच पान समोरासमोर ठेवून अक्षरागणिक तक्ता केला आणि त्या किल्लीने न छापलेली यादी वाचली. छापील पानांत न आलेली काही जोडाक्षरे मात्र आजही संशयित आहेत. फॉन्टचे नाव त्याच वेळी लिहून ठेवले असते, तर हे श्रम वाचले असते.

४.५ उपाय

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतंत्र व कायम अंक असतो. एकदा दिलेली जागा बदलायची नाही, हे त्याचे धोरण दीर्घकालीन जतनाचा पाया आहे. तथापि युनिकोडमध्येही सावधगिरी हवी. मराठीतील ‘ॲ’ला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. तोवर ‘अ’ला चंद्र जोडून काम भागविले जाई. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच. शोध घेताना संगणक मात्र त्यांना भिन्न मानू शकतो.

अभिलेखागारे व संग्रहालये ‘ओएआयएस’ हे आंतरराष्ट्रीय मानक आधारभूत मानतात. मजकुराबरोबर तो समजण्यास लागणारी माहितीही जपावी, हे त्याचे एक मुख्य तत्त्व आहे. आपण ज्याला किल्ली म्हटले, ती हीच. या तत्त्वाला अनुसरून पुढील पद्धती अवलंबावी :

१. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी आणि युनिकोडमधील रूपांतर स्वतंत्र फाइलीत करावे. रूपांतरानंतर रफार, ‘ऱ्य’ व जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत.
२. फॉन्ट, प्रणाली, लेखक, दिनांक व स्थळ यांची नोंद साध्या मजकुराच्या फाइलीत करावी व तिची छापील प्रतही ठेवावी.
३. किमान तीन प्रती असाव्यात. त्यांपैकी एक दुसऱ्या गावी.
४. वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून पाहावी. संस्था यासाठी ‘चेकसम’ वापरतात : फाइलीवरून काढलेला हा अंक पुन्हा काढल्यावर बदललेला आढळला, तर फाइलीत बिघाड झाला असे समजते.
५. माध्यम जुने होण्यापूर्वीच प्रती नव्या माध्यमावर न्याव्यात.

४.६ सारांश

संगणकीय जतन म्हणजे एकदा साठवून निश्चिंत होणे नव्हे. ते पिढ्यान्‌पिढ्या चालणारे हस्तांतरण आहे. महानुभावांची किल्ली गुरुशिष्य परंपरेने जपली. आपल्या फाइलींना अशी परंपरा नाही. म्हणून किल्ली लिहूनच ठेवावी लागते.

४.७ स्वाध्याय

१. संगणकीय अभिलेखाचे चार स्तर सोदाहरण स्पष्ट करा.
२. सकळ लिपी आणि जुने मराठी फॉन्ट यांतील साम्य व भेद लिहा.
३. तुमच्या घरातील, शाळेतील किंवा ग्रामपंचायतीतील २००५ पूर्वीची एखादी मराठी फाइल मिळवा. ती वाचता येते का, ते पाहा आणि तिच्या चारही स्तरांची नोंद एका पानावर करा.