हिरड्यावरून पडल्यावर

आंबेगाव तालुक्यात ‘पुनर्वसन’ म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक डिंभे धरण. ज्या आंबेगावाचं नाव तालुक्याला आहे, ते मूळ गावच त्या पाण्याखाली गेलं. दुसरी माळीण. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर खाली आला, 151 माणसं गेली, आणि उरलेल्यांसाठी पुढे आमडे गावाजवळ नवी घरं उभी राहिली. घर गेलं की पुनर्वसन, जमीन गेली की पुनर्वसन. अपघातात माणसाची काम करण्याची ताकद गेली, तर तिच्यासाठीही हाच शब्द आहे, हे इथे फारसं कुणाच्या कानावर गेलेलं नाही.

आहुपे हे गाव याच तालुक्यात, सह्याद्रीच्या कड्यावर वसलेलं. घाट उतरला की मुरबाडचं कोकण. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. खाचरात भात, उतारावर नाचणी-वरई. पण पावसाळ्याआधी रोख पैसा हाती येतो तो हिरड्याचा. त्यातही कोवळ्या बाळहिरड्याला मोल जास्त, आणि तो पिकून गळेपर्यंत थांबून चालत नाही. झाडावर चढायचं, एका हाताने फांदी धरायची, दुसऱ्याने फळं काढायची. खाली घरातली बाकीची माणसं वेचतात, कातळावर वाळत घालतात. चैत्र-वैशाखाचे हे थोडे दिवस वर्षाची मीठमिरची ठरवतात, म्हणून बारीक फांदीवरही पाय टाकला जातो.

उंचावरून पायांवर पडलेल्या माणसाची बहुधा टाच फुटते. तोच दणका वर गेला तर छाती आणि कंबर जिथे जुळतात तिथला मणका दबतो. अशा माणसाला बखोटीला धरून उभं करणं किंवा झोळीत दुमडून नेणं फार घातक. दाराची फळी काढावी, तिच्यावर पाठ सरळ ठेवून त्याला निजवावं, चौघांनी एकदम उचलावं. त्या पहिल्या अर्ध्या तासात मज्जारज्जू वाचला, तर पुढचं निम्मं पुनर्वसन तिथेच झालेलं असतं.

समजा, तिशीतला एक गडी असा पडला. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, तिथून पुण्याचं ससून. हाड जुळलं, तो घरी आला. कागदावर लिहिलंय, ‘जड काम टाळा’. आहुप्यात हलकं काम कोणतं? भाताच्या आवणीत दिवसभर चिखलात कमरेत वाकायचं. सपाट रस्त्यावर तासभर चालणारी टाच बांधावरून उतरताना दगा देते. डॉक्टरांनी हाड पाहिलं, पण त्याचं काम कुणी पाहिलं नाही.

व्यावसायिक पुनर्वसनाची सुरुवात नेमकी तिथून होते. व्यवसायोपचार तज्ज्ञ माणसाच्या कामाचे तुकडे पाडतो: किती वेळ उभं राहायचं, किती किलो उचलायचं, किती वेळा वाकायचं. यातलं काय आज जमतं, काय सरावाने जमेल, कशासाठी अवजार बदलावं लागेल आणि काय कायमचं सोडावं लागेल, हे ठरवून तो कामाची मात्रा हळूहळू वाढवतो. जुनं काम जमणारच नसेल, तर नवं शिकवायचं.

ही विद्या आपल्या पुणे जिल्ह्याला परकी नाही. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना कसब शिकवण्यासाठी 1917 मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं आणि पुढे ते पुण्याजवळ खडकीला आलं. बाहेर पाहिलं तर जर्मनीत 1884 पासून कामगारांचा अपघात विमा आहे. पेन्शनचा विचार करण्याआधी माणसाला कामावर परत आणण्याचा प्रयत्न करायचा, हे तिथलं तत्त्व. आपल्याकडेही चाकणच्या कारखान्यात बोटं चिरडलेला मुलगा राज्य कामगार विम्यात नोंदलेला असेल, तर त्याला उपचार मिळतात, बुडालेल्या मजुरीचा मोठा हिस्सा मिळतो.

1923 च्या भरपाई कायद्यापासून चालत आलेलं एक कोष्टक आहे. पूर्ण अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के गेली, पूर्ण तर्जनी गेली तर 14 टक्के. हिशेबाला हे सोपं, पण कामाची ओळख त्यात नाही. कारकुनाचा अंगठा आणि फांदी धरणाऱ्याचा अंगठा एकाच मापाने कसा मोजायचा? आणि टाच फुटली, तर कोष्टकात तिचं नावच नाही.

शिवाय भरपाईचा कायदा मालक शोधतो. स्वतःच्या झाडावर चढलेल्याला मालक कुठला? त्याच्यासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. उंचावरून पडणं तिच्यात धरलेलं आहे. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर 2 लाख, एक अवयव गेला तर 1 लाख. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. इस्पितळातून घरी येईपर्यंत महिना सरतो, म्हणून हा अर्ज घरच्यांनी आधीच करावा, हे मला इथे ठळक सांगायचं आहे. हे पैसे हवेतच. तरीही दबलेला मणका ‘अवयव गमावला’ या शब्दांत सहज बसत नाही, आणि बसला तरी सकाळी उठून काय काम करायचं, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

त्याचं उत्तर आहुप्याच्याच कामांत शोधावं लागेल, असं मला वाटतं. शिलाई यंत्र देऊन फोटो काढण्याची आपली जुनी रीत इथे अपुरी आहे. हिरडा निवडणं, प्रत लावणं, वाळवणं, वजनाची नोंद ठेवणं, रोपं तयार करणं, ही बसून किंवा थोडं उभं राहून होणारी खरी कामं आहेत, आणि ती करणाऱ्याला झाडाची पारख लागते. पडलेल्या माणसाकडे ती आहेच. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. उंच बाक, कमोडचं शौचालय, उतारावर धरायला कठडा, एवढं त्यातून सुरू करता येईल. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने महिन्यातून एकदा एखाद्या व्यवसायोपचार तज्ज्ञाला वर आणलं, तर त्याला ते खाचर आणि तो बांध स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.

मग पहिल्या पावसाळ्यात या गड्याने तरव्याच्या मुठी मोजून द्याव्यात, काठी घेऊन रोज थोडा उतार चढावा. दिवाळीनंतर पाच किलोची पाटी, शिमग्यापर्यंत दहा. आणि चैत्रात झाडाखाली बसून, वर चढलेल्या धाकट्या भावाच्या कमरेचा दोर आधी तपासावा, मग हिरडा निवडायला घ्यावा.