मोसंबीवरील ग्रीनिंग रोग : ताणापूर्वी पाहणी आवश्यक

अंबड तालुक्यात मोसंबी हे महत्त्वाचे फळपीक होय. शहागड व गोदाकाठच्या बागाइतदारांस झाडावरील पिवळी फांदी अपरिचित नाही. परंतु प्रत्येक पिवळेपणा अन्नद्रव्यांच्या अभावामुळेच येतो असे नाही. कित्येकदा तो ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगाचा असतो. या रोगावर औषध नसल्याने तो वेळीच ओळखणे हाच बाग वाचविण्याचा मार्ग आहे.

रोगाचे कारण

हा जिवाणू झाडाच्या अन्नवाहक नलिकांत राहतो. नलिका अडल्यामुळे पानांत पिष्ट साचते, मुळांची उपासमार होते व झाड शेंड्याकडून वाळू लागते. सायला नावाची कीड हा रोग पसरविते, हे पुणे येथील संशोधकांनी १९६७ साली दाखवून दिले. रोगट झाडाचे डोळे वापरून बांधलेल्या कलमांतूनही तो पसरतो.

पाहणीचा काळ

लागण कोवळ्या नवतीवर होते. लक्षणे मात्र पान जून झाल्यावर, काही महिन्यांनी उमटतात. पावसाळी नवतीची पाने दिवाळीच्या सुमारास जून होतात व थंडीत लक्षणे ठळक दिसतात. आंबिया बहारासाठी पाणी तोडल्यावर निरोगी झाडेही पिवळी पडतात आणि रोगट झाड त्यांत लपून जाते. म्हणून दिवाळीनंतर, ताण देण्यापूर्वी, प्रत्येक ओळीतून फिरून पाहणी करावी.

लक्षणे

जस्ताच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहून त्यांमधील भाग पिवळा पडतो व पानाच्या दोन्ही अर्धांत हा पिवळेपणा सारखा असतो. ग्रीनिंगमध्ये मुख्य शिरेच्या दोन बाजूंचे पिवळे डाग एकमेकांशी जुळत नाहीत. आरंभी बहुधा एखादीच फांदी पिवळी दिसते. फळे लहान व वाकडी राहतात, देठाकडे रंग चढला तरी तळाची बाजू हिरवीच राहते आणि बिया काळपट व पोचट निघतात.

संशयित झाडास चुन्याची खूण करावी. जिवाणू झाडात सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. म्हणून निरनिराळ्या फांद्यांवरील पाने देठासह घ्यावीत. बदनापूर येथील मोसंबी संशोधन केंद्राचा सल्ला घेऊन ती प्रयोगशाळेत तपासून घ्यावीत. केवळ डोळ्यांच्या अंदाजावर झाड तोडू नये.

उपाय

रोग निश्चित झाल्यास प्रथम झाडावरील सायलाचा बंदोबस्त करावा, नंतरच झाड मुळासकट काढावे. अन्यथा कीड शेजारच्या झाडांवर जाते. प्रत्येक नवतीच्या वेळी कोवळे शेंडे तपासावेत. शेपटीकडील बाजू उंच करून तिरकी बसणारी बारीक कीड म्हणजेच सायला. बांधावरील कढीपत्त्यावरही ती वाढते, हे ध्यानी ठेवावे. नवी कलमे खात्रीच्या, प्रमाणित रोपवाटिकेतूनच आणावीत.

एक रोगट झाड राखण्याच्या मोहात सारी बाग धोक्यात येते. यास्तव ताणापूर्वीची ही पाहणी बागाइतदारांनी दरवर्षी नेमाने करावी.