मांस मुरवणे (नंदुरबार जिल्हा)

मांस मुरवणे म्हणजे कोंबडी, टर्की यांसारख्या पक्ष्याचे मांस भाजण्यापूर्वी त्याला मीठ, मसाला व आंबट पदार्थ लावून काही काळ ठेवणे. महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यात या प्रक्रियेचे दोन मुख्य घटक मुबलक आहेत. नंदुरबारची बाजारपेठ लाल मिरचीसाठी प्रसिद्ध असून नवापूर तालुका कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र आहे.

पार्श्वभूमी
मिरची आणि टर्की ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगिजांच्या व्यापारामुळे मिरची भारतात रुजली. मुघल बादशहा जहांगीर याच्यासाठी गोव्याहून आणलेल्या टर्कीचे चित्र उस्ताद मन्सूर याने इ.स. १६१२ च्या सुमारास रेखाटले. मिरची सर्वत्र पसरली. टर्कीचे पालन मात्र मर्यादित राहिले. नंदुरबार परिसरात ओली लाल मिरची 'पथारी' नावाच्या मोकळ्या जागेवर उन्हात वाळवली जाते.

प्रक्रिया
मांसाच्या वजनाच्या १ ते १.५ टक्के, म्हणजे एक किलोस १० ते १५ ग्रॅम मीठ लावतात. मीठ प्रथम मांसातील पाणी बाहेर ओढते. त्या पाण्यात ते विरघळते व हळूहळू आत शिरते. त्यामुळे मांसातील प्रथिनांची रचना सैल होऊन पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढते आणि भाजताना रस कमी गळतो. मिरची, हळद व लसूण यांचा अंश मात्र बहुतांशी पृष्ठभागावरच राहतो. म्हणून जाड भागांना चिरा देतात. मिरचीतील तिखट द्रव्य तेलात विरघळत असल्याने मसाल्यात तेल घालणे उपयुक्त ठरते. दही किंवा लिंबू फार वेळ राहिल्यास बाहेरचा थर पिठूळ होतो. कोंबडीच्या तुकड्यांना काही तास पुरतात. अखंड टर्कीला एक ते दोन दिवस लागतात. गोठवलेली टर्की आधी शीतकपाटात पूर्ण वितळू देणे आवश्यक असते.

सुरक्षितता
फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा (एच५एन१) पहिला प्रादुर्भाव नवापूर येथे आढळला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या व पालकांचे मोठे नुकसान झाले. २०२१ मध्ये हा रोग तेथे पुन्हा उद्भवला. मीठ, मिरची किंवा आंबट पदार्थ यांनी हा विषाणू अथवा साल्मोनेलासारखे जीवाणू खात्रीने मरत नाहीत; पुरेशी उष्णताच ते नष्ट करते. म्हणून मांसाच्या सर्वांत जाड भागाचे तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचावे लागते. आजारी किंवा मेलेला पक्षी खाण्यासाठी वापरू नये व त्यास हातही लावू नये.

मांस मुरवताना ५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात ठेवावे. कच्चे मांस धुतल्यास जंतू शिंतोड्यांतून पसरतात. कच्च्या मांसाची सुरी, पाट व हात साबणाने स्वच्छ करावेत. मांसाला लावलेला उरलेला मसाला टाकून द्यावा किंवा चांगला उकळूनच वापरावा.