हवेच्या यंत्राला तेल कोणते घालावे?

श्रोतेहो, हवेचा कॉम्प्रेसर ही एके काळी खाणीतली आणि कारखान्यातली वस्तू होती. आज आपल्या भंडारा जिल्ह्यात तो पंक्चरच्या दुकानात, रंगाऱ्याकडे, आणि ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्याच्या पडवीतही दिसतो. यंत्र घरी आले. पण त्याच्या पोटात कोणते तेल घालायचे, हे सांगणारा माणूस काही त्याच्याबरोबर आला नाही.

मागे एकदा लाखनीहून साकोलीकडे जाताना चाकात हवा भरून घ्यावी म्हणून मी एका दुकानी थांबलो. दुकानदार कॉम्प्रेसर उघडून बसला होता. म्हणाला, ‘‘सर, मोटारीचं भारीतलं तेल घातलं होतं जी, तरी झडप बसली!’’ त्याने ती झडप माझ्या हातावर ठेवली. पुऱ्या तळून तळून कढईच्या काठाला जशी काळी, चिवट खरड धरते, तशीच खरड तिच्यावर होती. दुरुस्ती होईपर्यंत दुकान बंद, आणि दुकान बंद म्हणजे चूल अडचणीत. तेल भारी होते, यात शंका नाही. पण ते दुसऱ्या कामाचे होते.

ही खरड येते कोठून? सायकलचा पंप भराभर मारला की त्याचे बूड तापते, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. हवा दाबली की ती तापते. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात हे गणित अवश्य करून दाखवावे: 40 अंश सेल्सिअसची हवा एका दमात मूळच्या आठपट दाबापर्यंत दाबली आणि उष्णता मुळीच बाहेर जाऊ दिली नाही, तर ती सुमारे 290 अंशांपर्यंत तापेल. प्रत्यक्षात सिलिंडरच्या पट्ट्यांवाटे बरीच उष्णता निघून जाते, म्हणून तापमान याहून कमी राहते. तरीही बाहेर पडणाऱ्या हवेच्या झडपेशी ते चांगलेच चढलेले असते. दट्ट्याबरोबर वर आलेला तेलाचा पातळ थर तेथे करपतो आणि खरड धरतो. खरडीमुळे झडप नीट मिटत नाही. तापलेली हवा उलट फिरून पुन्हा दाबली जाते आणि यंत्र आणखी तापते. हे दुष्टचक्र वाढत गेले, तर साचलेली खरड पेटूही शकते.

मग मोटारीच्या तेलाने काय बिघडते? मोटारीच्या तेलात मळ धुऊन तो तेलातच तरंगत ठेवणारी द्रव्ये घातलेली असतात. मोटारीला गाळणी असते, ती तो मळ पकडते. आपल्या लहान कॉम्प्रेसरला बहुधा तशी गाळणी नसते. मळ तेथेच घोळत राहतो. शिवाय ही द्रव्ये पाण्यालाही धरून ठेवतात. पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, हवेत ओलावा किती असतो ते तुम्ही जाणताच. ते पाणी तेलात मिसळले की तेल ताकासारखे पांढुरके होते आणि त्याची वंगणशक्ती जाते. म्हणून दट्ट्याच्या यंत्राला खास कॉम्प्रेसरचे, मळ तरंगत न ठेवणारे तेल घालावे. यंत्र बनवणाऱ्यानेच मोटारीचे तेल सांगितले असेल, तर गोष्ट निराळी.

घरचे गोडे तेल किंवा जवसाचे तेल तर मुळीच घालू नये. धानाच्या बांधीत उतेऱ्यावर जवस पेरणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको, की जवसाचे तेल लाकडाला लावले म्हणजे हवेने वाळून त्याचा कडक पापुद्रा होतो. लाकडावर तो गुण आहे. यंत्रात तोच दोष ठरतो. तेल पातळ करण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल मिसळणे तर आगीला बोलावणे आहे.

आता डब्यावरचा आकडा पाहू. ‘आयएसओ व्हीजी 100’ असे लिहिलेले असते. हा आकडा 40 अंशांना तेल किती दाट आहे, ते सांगतो. 68 चे तेल त्याहून पातळ. काही डब्यांवर ‘एसएई 30’ असते. ते ढोबळमानाने 100 च्या जवळपास आणि ‘एसएई 20’ हे 68 च्या जवळपास समजावे. मात्र केवळ दाटपणा जुळला म्हणजे तेल जुळले, असे नव्हे. डब्यावर ‘कॉम्प्रेसर’ हा शब्दही हवा. पहिला अधिकार यंत्राच्या पुस्तिकेचा. ती हरवली असेल, तर यंत्रावरच्या पट्टीवरचे नाव व क्रमांक उतरवून विक्रेत्याकडे चौकशी करावी. दट्ट्याच्या लहान यंत्रांना आपल्याकडच्या उन्हाळ्यात बहुधा 100 चे तेल सांगितलेले असते. स्क्रूच्या यंत्राचे तेल वेगळे. ते येथे चालत नाही.

आणि एक गोष्ट सर्वांत आधी पाहावी: यंत्राला तेल लागते तरी का? काही लहान यंत्रे बिनतेलाची असतात. ज्याला तेल ओतायचे बूच नाही, तेलाची काच नाही की मापाची कांडी नाही, त्यात तेल ओतू नये.

तेल काचेतल्या खुणेइतकेच भरावे. जास्त भरले तर ते हवेबरोबर वर चढते आणि खरड वाढवते. नव्या यंत्राचे पहिले तेल लवकर बदलावे लागते, कारण घासून निघालेला धातूचा बारीक चुरा त्यात उतरतो. पुढे पुस्तिकेतल्या तासांप्रमाणे बदलावे. तेल पांढुरके किंवा काळे दिसले, तर तासांची वाट पाहू नये. काढलेले तेल बोडीत किंवा बांधीत ओतू नका. डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्याकडे द्या. आणि रोज काम संपल्यावर टाकीखालची तोटी उघडून पाणी काढा, नाहीतर टाकी आतून गंजते. गंजलेली टाकी दाबाखाली फुटली, तर जिवावर बेतते.

श्रोतेहो, बैलाला काय चारावे ते बैल पाहून ठरवतो, शेजाऱ्याच्या गोठ्यात काय आहे ते पाहून नव्हे. यंत्राचेही तसेच आहे. पुढच्या वेळी दुकानात ‘भारीतले तेल द्या’ असे न म्हणता, ‘माझ्या या यंत्राचे तेल द्या’ असे म्हणा.